पहिलटकरणीला सांगायचं राहून जातं ते

पहिल्या खेपेच्या मुलीला आपण नऊ महिने सगळं काही सांगत असतो. पपई खाऊ नकोस, ग्रहणात बाहेर पडू नकोस, डाव्या कुशीवर झोप, लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. सातव्या महिन्यात तिची ओटी भरतो, हिरवी साडी नेसवतो, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवतो आणि पेढा की बर्फी ते ओळखायला लावतो. त्या डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी कळा सोसून आलेल्या असतात. पण त्या मुलीने एखाद्या मावशीला बाजूला घेऊन विचारलं, की कळा येतात म्हणजे नेमकं काय होतं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘वेळ आली की कळेल तुला.’ फार आग्रह केला तर, ‘बाईचा दुसरा जन्म असतो गं तो,’ एवढं ऐकायला मिळतं. त्यापुढे विषय बदलतो.

हे न सांगणं मायेपोटी असतं, हे मला मान्य आहे. तरी ते चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि घरातलं हे मौन दवाखान्यातल्या दुसऱ्या एका गोष्टीला जाऊन मिळतं, म्हणून ते अधिकच चुकीचं आहे. पहिलटकरीण प्रसूतिगृहात पोचून ‘मला खूप दुखतंय’ म्हणते तेव्हा तिच्यावर सहसा कुणी विश्वास ठेवत नाही. ‘पहिलीच वेळ ना? अजून खूप वेळ आहे,’ असं म्हणून तिचं बोलणं तिथेच थांबवलं जातं. घरी तिला कुणी सांगत नाही आणि तिथे तिचं कुणी ऐकत नाही. दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे: कळा म्हणजे बाईच्या सोसण्याची परीक्षा, आणि परीक्षेत प्रश्न आधी सांगत नाहीत आणि मध्येच तक्रारही करू देत नाहीत. माझं म्हणणं असं, की कळ ही आधी माहिती आहे. आत काय चाललंय याची सगळ्यात ताजी खबर ज्या एका माणसाकडे असते, ते माणूस म्हणजे ती बाई. तिला तिची खबर वाचता यावी आणि इतरांनी ती ऐकून घ्यावी, एवढीच या लेखाची मागणी आहे.

मग आधी सांगण्यासारखं काय आहे ते सांगते.

गर्भाशय हा स्नायू आहे. तो आकसतो तेव्हा त्याचे तंतू आखूड होतात, आणि सैल पडल्यावरही पहिल्याइतके लांब होत नाहीत. प्रत्येक कळेगणिक थोडी थोडी लांबी अशी कायमची कमी होत जाते. वरचा भाग जाड होतो आणि खालचं तोंड वर ओढलं जाऊन पातळ होत होत उघडतं. पहिल्या खेपेला हे तोंड बहुतेक वेळा आधी पातळ होतं आणि मग उघडतं. पुढच्या खेपांना दोन्ही कामं बरोबरीने चालतात. पहिल्या वेळी वेळ जास्त लागतो तो बराचसा यामुळे. रात्रभर जागून, कळवळून दवाखान्यात आलेल्या मुलीला तपासणीनंतर ‘पिशवीचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर उघडलंय’ असं सांगतात, तेव्हा तिला वाटतं की रात्रीचं सगळं दुखणं वाया गेलं. वाया काहीच गेलेलं नसतं. त्या रात्री बाळाचं डोकं खाली सरकलेलं असतं, तोंड मऊ आणि पातळ झालेलं असतं. सेंटिमीटर नुसतं उघडणं मोजतात, म्हणून रात्रीचं हे काम त्या आकड्यात दिसत नाही. हे एक वाक्य कुणी तिला समजावून सांगितलं, तर पुढचे दहा तास तिला वेगळ्या मनाने काढता येतील.

दुखतं गर्भाशय, पण जाणवतं भलतीकडेच. गर्भाशयाच्या वेदना नेणाऱ्या नसा मणक्याच्या ज्या भागात शिरतात, तिथेच ओटीपोटाच्या आणि कमरेच्या नसाही पोचतात, आणि मेंदूला त्यांचा नीट वेगळेपणा कळत नाही. म्हणून कितीतरी पहिलटकरणींना सुरुवातीला वाटतं, पोट बिघडलंय किंवा पाळी यायची आहे. कंबर भरून येते. ओटीपोटात मुरडा आल्यासारखं होतं. कुणाच्या मांड्या आतून ओढल्यासारख्या दुखतात. मग लक्षात येतं, की हे दुखणं सलग नाही: येतं, चढतं, टोकाला पोचतं, उतरतं आणि पूर्ण थांबतं. त्या वेळी पोटावर हात ठेवला तर ते ताठ लागतं. कळेचा जोर हाताने ओळखायला परिचारिकांना एक सोपी खूण शिकवतात. पोट नाकाच्या शेंड्याइतकं दबलं तर कळ सौम्य, हनुवटीइतकं घट्ट लागलं तर मधली, आणि कपाळाइतकं टणक लागलं तर जोराची. हे घरच्या घरी, त्या मुलीच्या आईलाही करता येण्यासारखं आहे.

शेवटच्या महिन्यांत येणाऱ्या, पण प्रसूतीच्या नसलेल्या कळांचं वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी 1872 मध्ये केलं, म्हणून वैद्यकात त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पोट ताठरतं, पण नियम नसतो. पाणी प्यायलं, कूस बदलली, थोडं चाललं की त्या ओसरतात. प्रसूतीच्या कळा अशा ऐकत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, लांबी वाढते, जोर वाढतो. चाललं काय आणि आडवं झालं काय, त्या येतच राहतात. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की पहिलटकरणीने निघावं, असा ढोबळ नियम बरेच डॉक्टर सांगतात. दवाखाना लांब असेल तर अर्थातच त्याआधी. आणि पाणमोट फुटली, रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा दिवस भरायच्या बरेच आधी कळा सुरू झाल्या, तर घड्याळ बघत बसू नये, लगेच निघावं.

आता जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी आणि जी कुणीच सांगत नाही, तिच्याकडे वळते. दोन कळांच्या मध्ये दुखत नाही. चित्रपटांतल्या आणि मालिकांतल्या प्रसूती बघून मोठ्या झालेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: घामाघूम झालेली बाई, सलग किंकाळी, बाहेर येरझारा घालणारा नवरा. ‘ताईला चौदा तास कळा येत होत्या,’ हे ऐकलं की तिला चौदा तासांची अखंड यातना दिसते. साधा हिशेब करून पाहावा. पाच मिनिटांनी एक आणि मिनिटभर टिकणारी कळ म्हणजे तासाला बारा मिनिटं. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं बाई बोलू शकते, घोटभर चहा घेऊ शकते, क्वचित डुलकीही काढू शकते. शेवटी शेवटी कळा दोन-तीन मिनिटांवर येतात, तेव्हाही तासातला अर्धा वेळ किंवा त्याहून जास्त वेळ मोकळा असतो. सगळ्यांच्याच वाट्याला हा विसावा पुरा येतो असं नाही. काहींची कंबर मधल्या वेळातही ठणकत राहते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की असं जास्त होतं, असं अनुभवी सुईणी आणि डॉक्टर सांगत आले आहेत. पण बहुतेकींना तो मिळतो, आणि तो वापरायचा असतो हे माहीतच नसल्याने पुढच्या कळेच्या धास्तीत त्या तो घालवून बसतात. अंग ताठ, मुठी आवळलेल्या, श्वास रोखलेला. कळ येण्याआधीच दमून गेलेल्या.

हा विसावा आईपेक्षाही बाळाला जास्त लागतो. जोराची कळ आली की गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता आटतो. कळ ओसरली की तो पूर्ववत होतो. कळा वाढवण्याचं इंजेक्शन सलाइनमधून मोजून-मापून, लक्ष ठेवून द्यावं लागतं, त्याचं कारण हेच. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येऊ लागल्या तर बाळाला सावरायला वेळ राहत नाही. ‘लवकर मोकळी करा हो तिला,’ असा घाईचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना हे माहीत असायला हवं.

तोंड सात-आठ सेंटिमीटर उघडल्यापासून पुरतं दहा सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ थोडा, पण सगळ्यात कठीण असतो. कळा एकीवर एक येऊन आदळतात. हातपाय थरथरतात, उलटी होते, थंडी वाजते आणि लगेच घाम फुटतो. इतका वेळ धीराने घेणारी मुलगी अचानक ‘मला नाही जमणार, मला घरी जायचंय’ म्हणू लागते. नेमका हाच क्षण तिला दटावण्यासाठी निवडला जातो. खरं तर ते बोलणं हीच खूण असते, की शेवट जवळ आला. आणि आणखी एक खूण आहे, जिची लाज वाटून कितीतरी मुली ती सांगत नाहीत: संडासला लागल्यासारखं होतं, आवरता येत नाही इतकं. बाळाचं डोकं खाली उतरून मागच्या बाजूला दाब देत असतं, म्हणून तसं वाटतं. मुलीला हे ठाऊक नसतं. तिला वाटतं, इथे सगळ्यांसमोर आपली शोभा होणार. ती दातओठ खाऊन ते आवरत राहते, शरीर खाली लोटतंय आणि ती वर ओढून धरतेय, अशी झटापट चालते. किंवा ती म्हणते, ‘मला संडासला जायचंय,’ आणि ‘आत्ताच जाऊन आलीस ना,’ असं उत्तर मिळतं. जिला आधी सांगून ठेवलेलं असतं, ती म्हणते, ‘सिस्टर, खाली दाब येतोय, बघा जरा.’ या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजेच माहिती.

पूर्ण उघडल्यावर जोर द्यायची वेळ येते, आणि आश्चर्य म्हणजे बऱ्याच जणी सांगतात, की इथून पुढचं दुखणं त्यांना सोपं गेलं. तोवर नुसतं सोसायचं होतं, आता काही करायचं असतं. वेदनेची जातही बदलते: आता दुसऱ्या नसांचं काम सुरू होतं, आणि ओढ, ताण, शेवटी डोकं बाहेर येताना भाजल्यासारखी आग, असं ते नेमक्या जागी, चटकन बोट ठेवता येईल असं जाणवतं. बाळ झाल्यावर वार पडते, तेव्हा पुन्हा एक बारीक कळ येते. नंतर बाळाला पाजताना पोटात कळ उठते, तीही गर्भाशय मूळ आकारावर येत असल्याची. ही मागची दुखणी पहिल्या खेपेला कमी असतात, पुढच्या बाळंतपणांत वाढतात. पहिलटकरणीच्या वाट्याला आलेली ही एवढी एकच सवलत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: प्रत्येकीचं वेगळं असतं, मग सांगायचं काय? वेगळं असतं हे खरंच आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. ‘किती दुखतंय’ एवढंच विचारून न थांबता तिच्यात ‘कसं दुखतंय’ हे सांगायला 78 शब्द दिले होते, वीस गटांत मांडलेले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तीच प्रश्नावली प्रसूत होणाऱ्या बायकांपुढे ठेवली. पहिलटकरणींचं दुखणं सरासरीने जास्त निघालं. पूर्वतयारीचे वर्ग केलेल्यांचं काहीसं कमी, पण तरीही चांगलंच दुखणं. आणि बाईबाईतला फरक प्रचंड: काहींना सौम्य, काहींना सहनशक्तीपलीकडचं. माझ्या मते यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांच्या नेमका उलटा आहे. प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणूनच एकीचा अनुभव पुरत नाही. दहा जणींचा ऐकायला मिळाला पाहिजे. ज्या मुलीने फक्त आपल्या आईची ‘शिंक यावी तशी झाली’ अशी कहाणी ऐकली आहे, तिला तिसाव्या तासाला आपल्यातच काही खोट आहे असं वाटणार. आणि जिने फक्त आत्याची भयंकर कहाणी ऐकली आहे, ती सहज होऊ शकणाऱ्या बाळंतपणालाही मरणाच्या भीतीने सामोरी जाणार. कंबर भरून येते, सणक जाते, ठणकतं, पिळवटतं, रग लागते, आग होते, चमक भरते: आपल्याकडे बायकांनी वापरून वापरून घासलेली ही वेदनेची भाषा आहे. लेबर रूममध्ये मात्र तिला एकच प्रश्न विचारला जातो, ‘दुखतंय का?’ आणि त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधी सांगितलं तर मुलगी घाबरेल आणि भीतीने दुखणं वाढेल. भीती आणि वेदना यांचं नातं खोटं नाही. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी 1930च्या दशकात हेच मांडलं: भीतीने शरीर ताठरतं, ताठरल्याने दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की भीती वाढते. पुढे त्यांच्या विचारातून आणि फ्रान्समध्ये फर्नां लमाझ यांनी 1950च्या दशकात सुरू केलेल्या पद्धतीतून श्वसनाचे, सैल होण्याचे वर्ग जगभर निघाले. डिक-रीड यांची एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. भीती गेली की वेदना जवळपास उरणारच नाही, हा दावा बायकांवर अन्याय करणारा होता, कारण मग ज्या बाईला दुखतं तिचाच दोष ठरतो: तीच भित्री, तिनेच नीट सराव केला नाही. पण त्यांनी भीतीवर सांगितलेला उपाय मौनाचा नव्हता, हे विसरू नये. तो समजावून सांगण्याचा होता. न सांगितल्याने भीती जात नाही. तिला आकार मिळत नाही इतकंच. मग ती मुलगी रात्री दोन वाजता मोबाइलवर सगळ्यात भयानक कहाण्या वाचत बसते, आणि आपलं कुणी नसलेल्या माणसांकडून शिकते.

या भीतीचा शेवट कधी कधी ‘मला कळा नकोतच, सिझेरियनच करा’ इथे होतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत तर हे प्रमाण 47.4 टक्के होतं. याची कारणं अनेक आहेत: डॉक्टरांची सोय, कज्जेदलालीची धास्ती, पैसा, मुहूर्तही. सगळा दोष भीतीवर टाकणं बरोबर होणार नाही, आणि गरजेचं सिझेरियन दोन जीव वाचवतं. पण शस्त्रक्रिया निवडणाऱ्या मुलीने ती कळा काय असतात हे जाणून निवडावी, अंधाराला घाबरून निवडू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता दवाखान्याकडे येते. आधी एक गोष्ट स्वच्छ बोलते: जुन्या काळातली घरची बाळंतपणं मला परत नको आहेत. 2018–20 च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. देशाची सरासरी 97 होती. पूर्वीच्या मानाने हा फार मोठा बदल आहे, आणि राज्यातली जवळजवळ 95 टक्के बाळंतपणं आता संस्थेत होतात याचा त्यात मोठा वाटा आहे. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी चौदाव्या वर्षी पहिल्या बाळाला जन्म दिला आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचाच. बाळंतपण अभ्यासाचा विषय आहे, नशिबाचा नाही, हे एका मराठी बाईने इतक्या आधी ठरवलं होतं. रुग्णालयांनी तो अभ्यास पुढे नेला. पण वाटेत एक गोष्ट सुटली: बाईच्या उशाशी बसून राहणारी बाई. सुईणीकडे निर्जंतुक हातमोजे नव्हते, रक्त नव्हतं, शस्त्रक्रिया नव्हती, आणि त्यापायी बायका मेल्या. तरी ती कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत तिथेच असे. आज पहिलटकरणीला घड्याळ सोबत करतं.

त्या घड्याळाचीही एक कथा आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1955 मध्ये पाचशे पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख मांडला. त्यावरून पुढे तासाला एक सेंटिमीटर ही मोजपट्टी जगभर रूढ झाली. आलेख उपयोगी होता, अडलेली बाई वेळीच ओळखता आली, यात शंका नाही. पण सरासरीची पट्टी झाली आणि पट्टीची काठी झाली. तासाला एक सेंटिमीटर न उघडणारी बाई ‘मागे पडलेली’ ठरू लागली, आणि मागे पडलेलीला पुढे ढकलायला इंजेक्शन आलं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की हा नियम सगळ्या बायकांना लावणं अवास्तव आहे. प्रसूतीचा वेगाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि त्याआधीचा संथ टप्पा किती लांबावा याला प्रमाण नाही. म्हणजे कितीतरी निरोगी बायका हळू उघडतात म्हणून दशकानुदशकं ‘अडलेल्या’ ठरवल्या गेल्या. त्या स्वतः काय सांगत होत्या ते मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

टिपण तर दूरच. लेबर रूममध्ये ओरडणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही ओरडलीस ती’ असं म्हटलं जातं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातल्या बाईला विचारा, ती सांगेल. मांडीवर चापट बसते. चार लोकांसमोर, पडदा न ओढता तपासलं जातं. रात्रपाळीला एका परिचारिकेवर पाच-सहा बायकांचा भार असतो, तिलाही घर आहे, तीही थकते, हे मला कळतं. कामाचे तास जास्त आणि माणसं कमी, हा सरकारचा दोष आहे, तिचा नाही. पण त्या एका वाक्याला कुठलाही भार कारण होऊ शकत नाही. ते वाक्य वेदनेला शिक्षा ठरवतं. आणि एकदा वेदना शिक्षा ठरली, की ती कमी करायचा प्रश्नच उरत नाही.

हा विचार आपल्याच मातीतला आहे असंही नाही. एडिंबराच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी 1847 मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा बाईने वेदनेतच बाळाला जन्म द्यावा अशी देवाची आज्ञा असल्याच्या आक्षेपांना त्यांनी त्याच वर्षी पुस्तिका लिहून उत्तर दिलं. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने डॉ. जॉन स्नो यांच्याकडून प्रसूतीवेळी क्लोरोफॉर्म घेतला, आणि त्यानंतर वेदनाशमनाला प्रतिष्ठा आली. राणीला मिळालं ते पावणेदोनशे वर्षांनंतरही आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. पाठीत सुई देऊन कळा बोथट करणारा एपिड्युरल हा उपाय, तो मागणाऱ्या निरोगी बाईला द्यावा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यासाठी चोवीस तास भूलतज्ज्ञ लागतो, म्हणून तो मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांपुरताच राहिला. पण चालू देणं, उकिडवं किंवा कुशीवर राहू देणं, कंबर चोळणं, गरम पाण्याची पिशवी देणं यांना भूलतज्ज्ञ लागत नाही. त्याला लागते फक्त परवानगी.

आणि लागतं एक माणूस. प्रसूतीच्या काळात सतत कुणी सोबत असलं तर काय होतं, यावर वीसहून अधिक चाचण्या झाल्या आहेत, पंधरा हजारांवर बायकांचा त्यांत समावेश आहे. 2017 मध्ये त्यांचा एकत्र आढावा निघाला. सोबत असलेल्या बायकांचं बाळंतपण आपसूक होण्याचं प्रमाण वाढलं, वेळ कमी लागला, वेदनाशामकं कमी लागली, अनुभव वाईट ठरण्याचं प्रमाण घटलं. इतका स्वस्त आणि निर्धोक उपाय वैद्यकात फार थोडा सापडेल. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी प्रसूतिगृहांत सोबतिणीला मुभा दिली आहे, शक्यतो जिने स्वतः कळा अनुभवल्या आहेत अशी. आणि जिथे आडोसा राखता येतो तिथे नवऱ्यालाही. तरी आजही कितीतरी दारांवर ‘नातेवाइकांनी बाहेर थांबावे’ ही पाटी आहे, आणि आत पहिलटकरीण एकटी आहे.

आपल्या रीतीने यात एक भर घातली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. चालीमागे शहाणपण आहे: आईजवळ मुलगी मोकळी होते. पण सात महिने ज्या डॉक्टरकडे ती गेली, ते मागे राहतात, आणि नेमक्या कळांच्या वेळी ती अनोळखी दारात उभी असते. माहेरच्या दवाखान्यात दोन-तीनदा आधी जाऊन यावं, लेबर रूम बघावी, रात्री कोण असतं ते विचारावं, हे फार थोड्या घरांत होतं. धडगाव-अक्कलकुव्यातल्या किंवा मेळघाटातल्या पाड्यावरच्या मुलीला तर ही चैन नाही. तिच्यासाठी खरी कळ कोणती हे ओळखणं म्हणजे गाडी वेळेत निघणं. आदिवासी भागांतल्या आरोग्य केंद्रांत राज्य सरकारने ‘माहेरघर’ योजना आणली, दिवस भरत आलेल्या बाईला आधीच येऊन राहता यावं म्हणून. तिचं नाव सार्थ व्हायचं असेल तर तिथे खाटेबरोबर समजावून सांगणारी बाईही हवी.

म्हणून ज्यांनी कळा सोसल्या आहेत त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, कचेरीत कुणाला सातवा महिना लागला असेल, तर तिच्याजवळ बसा आणि तुम्हाला काय झालं ते सांगा. कुठे दुखलं, कधी थांबलं, कशाने बरं वाटलं, कोण चांगलं वागलं आणि कोण वाईट. सोपं गेलं असेल तर ते, अवघड गेलं असेल तर तेही, न वाढवता आणि न लपवता. मग तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि तिच्या वतीने चार प्रश्न विचारा: आत सोबत कोणाला येता येईल, तिला चालू-फिरू देणार का, दुखणं कमी करायला तुमच्याकडे काय आहे, आणि ती काही सांगू लागली तर रात्री तीन वाजता ऐकायला कोण असेल.